वीस पायल्या गहू

"गयाबाई, एक पायली गहू म्हणजे किती किलो हो?"

असे फोन मला अधूनमधून येत असतात. करणाऱ्या बहुतेक पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्याकडच्या सुना. सासूनं फोनवर सांगितलेलं असतं, चकलीच्या भाजणीला चार मापटी तांदूळ घे, दोन मापटी हरभऱ्याची डाळ, एक मापटं उडीद, मापटंभर पोहे. सुनेच्या घरात मापटं नसतं, ओट्यावर वजनकाटा असतो. मग कुणीतरी माझा नंबर देतं.

मी उलटं विचारते. कुठल्या गावची पायली? वर ढीग ठेवून शीग लावून, की काठाला हात फिरवून? गहू अख्खा की कांडलेला? समोरची बेजार होते. म्हणते, "अहो, अंदाजे सांगा ना."

अंदाजे मी सांगत नाही. मापाला भांडं लागतं, वजनाला काटा लागतो, आणि एकाचं दुसऱ्यात करायचं तर धान्य हातात घ्यावं लागतं. एकाच पायलीत तांदूळ भरा, गहू भरा, तूरडाळ भरा, वजन जवळपास सारखंच येईल. रवा भरा, कमी येईल. पीठ भरा, त्याहून कमी. आणि पोहे भरले तर तांदळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच भरतात. पायली तीच, भरलेलीही काठोकाठ. ज्याला हे कळलं त्याची चकली तेलात विरघळत नाही. बाकी आमच्या धंद्यात गुपित असं काही नाही.

या अंकाच्या ताई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, लग्नाच्या स्वयंपाकातल्या गमती लिहून द्या. गमती आहेत. पण त्यातली एक गोष्ट लातूरपासून किल्लारीपर्यंत गंमत म्हणून सांगितली जाते, माझ्यासमोरसुद्धा सांगतात, आणि तिच्यात शहाणी मी असते. ती गंमत नाही. ती कशी घडली ते मला एकदा नीट लिहायचं होतं.

माझं माहेर अर्धापूरकडचं, सासर लातूरचं. मालक मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. मी लग्नकार्यात भाकरी थापायला, पुऱ्या लाटायला जात असे. आम्हा बायकांची जागा मांडवाच्या मागं. लाटायचं, भाजायचं, आणि टोपली दुसऱ्या कुणीतरी उचलून न्यायची. भात, वरण, खीर अशा मोठ्या भांड्यांजवळ आम्हाला काम नसायचं. आम्ही बौद्ध वस्तीतल्या. कुणी तोंडानं काही बोलत नसे, पण कोणी कुठं बसायचं हे ठरलेलं असायचं.

तिथून मला उठवलं गुंडप्पामामांनी. मामा मूळचे उदगीरचे, लिंगायत, आमच्या भागातले नावाजलेले आचारी. उंच, काळेसावळे, कानात बाळी. मराठी बोलताना मध्येच कानडी यायचं. गव्हाच्या खिरीला ते कायम हुग्गीच म्हणायचे, आणि ती त्यांच्यासारखी दुसऱ्या कुणाला जमत नसे. एकदा त्यांचा जोडीदार आजारी पडला तेव्हा ते मागं आले, बायकांवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "ए, तुझा हात चालतो बेगी बेगी. चल, कढईवर चल."

त्याच दिवशी घरधन्यानं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मामा, ही बाई कुणापैकी हाय?"

"आचाऱ्यापैकी," मामा म्हणाले.

"तसं न्हाई. म्हणजे कुणापैकी?"

"सांगितलं की. आचाऱ्यापैकी. तुमाला जेवण पाहिजे का वंशावळ?"

मी कढईजवळ उभी होते, सगळं ऐकू आलं. घरधनी गेला. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "गये, उलथनं तळाला लाव. करपून राहिलंय." त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली, आणि त्या दिवसापासून मी गये. मला तशी हाक मारणारं माहेरी तेव्हा कुणी उरलं नव्हतं.

मामांचा सगळा कारभार मापावर. त्यांची स्वतःची लोखंडी पायली होती, ती पिशवीत घालून सगळीकडं न्यायचे, कारण गावागावच्या पायलीत फरक असतो. धान्य मोजताना घरची चार माणसं समोर बसायची. मामा पहिली पायली ओतताना "एक" नाही म्हणायचे, "लाभ" म्हणायचे. मग दोन, तीन, चार. मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. शेवटची ओतली की हात झटकायचे, "साकु." म्हणजे पुरे. पाचशे माणूस असो की हजार, मामांचं अन्न कमी पडलं असं मी पहिली कितीतरी वर्षं पाहिलं नाही.

पुढं लोक किलोत याद्या आणायला लागले. दुकानं किलोची, पोती क्विंटलची, शिकलेली पोरं हिशोब किलोत मागणार. मामा यादी बघायचे आणि परत द्यायचे. "किलो दुकानात. चुलीवर माप." मग लोक माझ्याकडं बघायचे. मी सातवी झालेली. मला वाटलं, हे आपण शिकून घ्यावं.

मालकांच्या मोंढ्यात दुपारी काम थंडावतं. मी मामांची पायली मागून घेतली आणि तिथं गेले. हमालांनी हसत हसत मला एकेक धान्य भरून दिलं, आणि मी एकेक पायली काट्याला लावून बघितली. ज्वारी, गहू, तांदूळ, जुना तांदूळ, तूरडाळ, रवा, पोहे. मालक म्हणाले, "कामून गं? दुकान टाकून राहिलीस का?"

मी म्हटलं, "तुमच्या मोंढ्याचं मामांच्या चुलीला कळायला नको का?"

मामांच्या पायलीत गहू साडेतीन किलोला जरासा इकडंतिकडं भरायचा. बाकीचंही पाठ करून टाकलं. आता यादी किलोत आली की मी पायलीत सांगायची आणि मामांनी पायलीत सांगितलं की घरधन्याला किलोत. मामांना त्याची गंमत वाटायची. "आमची गया वकील हाय," म्हणायचे, "दोन्हीकडचं बोलती."

याचा उपयोग किती होता ते नांदेडला कळलं. मास्तर-मास्तरीण, दोघं शाळेत. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना बांधून द्यायला चिवडा करायचा होता. मास्तरांच्या आईनं त्यांच्या लग्नात चाळीस पायल्या पोह्यांचा केला होता, तेवढाच पाहिजे. मास्तरांनी कुणाला तरी पायलीचे किलो विचारले, त्यानं गव्हाचे सांगितले, मास्तरांनी तेवढे पोहे आणले. आम्ही पोचलो तर पोह्यांची पोती दारातून आत जाईनात. न्हाणीत पोहे, जिन्यात पोहे. मास्तरीणबाई मास्तरांकडं बघून राहिलेल्या. मास्तर मला हळूच म्हणाले, "गणिताचाच शिक्षक आहे हो मी." त्यांच्या गल्लीनं तो चिवडा संक्रांतीपर्यंत खाल्ला असेल.

तर माझा काटा असा सुरू झाला. कुणावर नजर ठेवायला नाही.

मग एका साखरपुड्यात मामांनी "सात" दोनदा म्हटलं. मी समोरच होते. सात ओतली, पुढची भरली, ओतली, आणि पुन्हा "सात". त्यांचं त्यांना कळलं नाही. भात थोडा जास्त झाला, कुणाचं काही बिघडलं नाही. मी मनात म्हटलं, माणूस आहे, होतं. पुढच्या हंगामात एका जेवणाला डाळ कमी पडली. मी पाणी वाढवलं, फोडणी मोठी केली, निभावलं. त्यानंतर आणखी एकदा. एकदा मीठ घातलेल्या रश्श्यात परत मीठ घालायला निघाले होते, मी बोलत बोलत त्यांच्या हातातून डबा घेतला.

मामांना सांगायची माझी छाती झाली नाही. सांगणार तरी काय? ज्यांनी मला मोजायला बसवलं त्यांना मोजता येईना, हे कुठल्या तोंडानं सांगू? मी एक ताणकाटा विकत घेतला, तो वर टांगायचा आणि खाली आकडीला पिशवी अडकवायची. झाऱ्या-पळ्यांच्या पिशवीत तो तळाशी ठेवायची. मामांची मोजणी झाली की ते चुलीकडं जायचे. मी मोजलेलं धान्य पिशव्यांत भरून मांडवाच्या आड काट्याला लावायची. कमी असलं तर घरच्या बाईला हळूच म्हणायची, वैनी, जरा हाताशी राहू द्या, थोडं जास्त काढा. बायका काढून देत. जेवण बरोबर व्हायचं. लोक म्हणायचे, मामांचा अंदाज म्हणजे अंदाज. मामा मिशीत हसायचे, आणि मलाही आतून बरं वाटायचं. हे मी मामांसाठी करते असं मी स्वतःला सांगत होते. ते खरंच होतं. पण आपल्यावाचून मामांचं आता चालत नाही, हेही मला थोडं आवडायला लागलं होतं. ते मी मामांना कळू दिलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग किल्लारीकडच्या एका गावातलं लग्न आलं.

घरधनी दिगंबरराव, ऊसवाले, खाऊनपिऊन सुखी. थोरल्या मुलीचं लग्न. जेवणात गव्हाची खीर पाहिजे आणि ती मामांचीच, असा त्यांच्या आईचा हट्ट. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच पोचलो. मामा, मी आणि आणखी दोघी. गाव भूकंपानंतरचं, रस्ते रुंद, घराभोवती मोकळी जागा भरपूर, त्यामुळं मांडव ऐसपैस होता. गहू घरचाच, कांडून फोलपट काढून आणलेला. पोतं पक्कं एक क्विंटलचं, गिरणीत वजन करून शिवलेलं. मामांनी माणसं विचारली, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "वीस पायल्या."

मोजायला मामा बसले. मी वांगी बघायला गेले होते. नंतर कळलं ते असं, की मामांच्या दहा ओतून झाल्या तेव्हा दिगंबरराव आले आणि त्यांनी भट्टी कुठं खोदायची ते विचारलं. मामा उठले, जागा दाखवून आले, परत बसले आणि "सोळा" म्हणाले. समोर दिगंबररावांची आई बसली होती. तिच्या लक्षात आलं होतं. ती नंतर मला म्हणाली, "मला वाटलं आचाऱ्याची काही रीत असंल बाई, मधले आकडे बोलायचे नसतील." वीस झाले, मामांनी हात झटकले, "साकु." उरलेलं पोतं पोरांनी उचलून माजघरात नेऊन ठेवलं.

मी नेहमीसारखा मांडवाआड काटा टांगला. वीस पायल्यांचे सत्तर किलो यायला पाहिजेत. मी दोनदा तोलून बघितलं. बावन्नला थोडे वर भरले. पंधरा पायल्यांचं धान्य.

एक-दोन पायल्यांची चूक मी झाकत आले होते. पाच पायल्या म्हणजे शेवटच्या पंगती खिरीशिवाय उठल्या असत्या. मी सरळ आत गेले. दिगंबररावांची बायको माणसांच्या गराड्यात होती. मी कानाजवळ जाऊन म्हटलं, "वैनी, पाच पायल्या गहू आणखी काढता का?"

बाजूला तिचा भाऊ उभा होता, सुरेश. लातूरला एका दालमिलमध्ये काट्यावर कामाला. त्यानं ऐकलं.

"आणखी कामून? आत्ता वीस मोजून घेतल्या न्हाईत का?"

"कमी भरला," मी म्हटलं.

"कमी म्हणजे किती?"

मला खोटं सुचलं नाही. "पंधरा पायल्या भरतोय. काट्यावर लावला मी."

"मग पाच कुठं गेल्या?"

हे तो मोठ्यानं बोलला. माणसं वळली. त्याचा आवाज आणखी चढला. "दाजी, इकडं या. वीस पायल्या घेतल्या म्हणतेत, हाय पंधरा. मिलमध्ये असले लई बघितलेत मी. ह्या आचाऱ्यांच्या पिशव्या बघा रे आधी."

दोन पोरं खरंच आमच्या पिशव्यांकडं निघाली. आमच्यातली एक बाई रडायलाच लागली. दिगंबरराव मध्ये येऊन म्हणाले, सुरेश, दम खा जरा. पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात आता सगळ्यांचं लक्ष आमच्याकडं होतं. एवढ्यात मामा भट्टी लिंपता लिंपता उठून आले. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. त्यांनी काय चाललंय ते ऐकलं आणि जागच्या जागी उभे राहिले.

सुरेश त्यांच्याकडं बोट करून म्हणाला, "म्हातारा दिसतोय साधा, पण पाच पायल्या पचवल्या की."

माझ्या डोक्यात आग गेली. मी ओरडले. काय ओरडले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मामा चोर न्हाईत! मामांची मोजणी चुकती! दोन-तीन वरसं झाली, त्यांच्या ध्यानात राहत न्हाई. आकडे इसरतेत, मीठ इसरतेत. प्रत्येक लग्नात मी मागून वजन करती अन् भरून काढती. इचारा या दोघींना!"

मामा माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. एखादा माणूस आपल्याच घराचा दरवाजा ओळखत नसला की कसा बघेल, तसे.

मग ते दिगंबररावांकडं वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मालक, उरलेलं पोतं काट्याला लावा."

बस्स, एवढंच. पोतं क्विंटलचं होतं. वीस पायल्या काढल्या असत्या तर तीस किलो उरले असते. काट्यावर अठ्ठेचाळीसला थोडे कमी भरले. पाच पायल्या कुठं गेल्या नव्हत्या, माजघरातच होत्या. सुरेशसारखा रोज काटा हाताळणारा माणूस, त्याला एका वाक्यात पटलं असतं. मलाही ते सुचायला पाहिजे होतं, हिशोब तर माझा पाठ होता. मामांवरचा आळ काढायला पाच शब्द पुरत होते. मी त्यांची दोन-तीन वर्षं चव्हाट्यावर मांडली.

सुरेशची मान खाली गेली. तो पुढं येऊन म्हणाला, "मामा, चुकलं माझं."

"तुमचं कुठं चुकलं?" मामा म्हणाले. "गहू तर कमीच होता." मग पायली उचलून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "घ्या बाई. पाच पायल्या काढून घ्या. वजन करून घ्या."

घ्या बाई. मला आधी वाटलं ते दुसऱ्या कुणाशी बोलतायत.

मामा निघून गेले नाहीत. निघून गेले असते तर मला सोपं झालं असतं. ते शेवटपर्यंत भट्टीवर उभे राहिले. "बाई, गूळ आणता का." "बाई, जाळ कमी करा." दरवेळी खिरीचा पहिला घोट मी त्यांच्यापुढं धरायची, ते जिभेवर घेऊन मान हलवायचे. त्या पहाटे मी वाटी धरली. ते म्हणाले, "तुम्हीच बघा. तुमच्या ध्यानात राहतं."

खीर उत्तम झाली. शेवटच्या पंगतीलाही पुरली, वर घरच्यांना उरली. दिगंबररावांनी सगळ्यांसमोर मला लुगडं दिलं, मामांना धोतर-टोपी. पाहुणे मला बघायला मागं येत होते. काटा बघायचाय म्हणत होते. एक म्हातारा म्हणाला, "पोरीनं म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं, नशीबवान हाय बुवा." मामा तिथंच कढई घासत होते. मला जमीन फाटली असती तर बरं, असं झालं.

लातूरला जायला जीप ठरलेली होती. मामा फाट्यावर उतरले. म्हणाले, उदगीरला जाऊन येतो. तिथं त्यांचा मुलगा होता. एसटी आली, ते चढले. पायली त्यांनी जीपमध्येच ठेवली होती, हे मला लातूरला उतरताना दिसलं.

ते परत कामावर आले नाहीत. लोकांची बोलावणी मला यायला लागली. "काट्यावाल्या गयाबाई" असं नाव पडलं. लातूरच्या क्लासवाल्या पोरांच्या मेसवाल्यांनी बोलावलं, प्रत्येक पोरामागं किती ग्रॅम डाळ ते ठरवून द्या म्हणून. माझा धंदा वाढला तो त्या दिवसापासून, आणि ती गोष्टही सोबत वाढत गेली. कुणी सांगायचं मामा झोपेत मोजत होते. कुणी सांगायचं मामांनी एकापासून वीसवर उडी मारली. लोक हसायचे. मी "तसं न्हवतं" म्हटलं की म्हणायचे, बाई मोठ्या मनाच्या.

उदगीरला जायचं मी कितीतरी दिवस टाळलं. शेवटी मालकच म्हणाले, "जाऊन ये. रोज ताटावर बसून तेच तेच बोलून राहिलीस." मी गेले. मामींनी दार उघडलं, आनंदानं आत घेतलं. मामा ओसरीवर होते. मला बघून ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी मामा कधी उठून उभे राहिले नव्हते.

"या बाई. बसा." खुर्ची पुढं केली. आतून कपबशी आली, नवी, पाहुण्यांची. मी खाली बसायला लागले तर म्हणाले, "खाली कशाला, खुर्ची हाय की."

मी म्हटलं, "मामा, माझी चूक झाली."

"चूक न्हाई झाली. तुम्ही बोललात ते खरं होतं. खोटं असतं तर मी भांडलो असतो."

"त्यांनी तुम्हाला चोर म्हटलं. मला सहन झालं न्हाई."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली, मामा तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चोर म्हणले त्याची मी झडती दिली असती बाई. कपडे झटकले असते. तुम्ही म्हणलात म्हाताऱ्याचं डोकं गेलं. त्याची झडती कशी देऊ?"

मामींनी जेवून जा म्हटलं. मी एसटीचं निमित्त सांगून निघाले. मामा दारापर्यंत पोचवायला आले, हात जोडले. गल्लीच्या वळणापर्यंत मी मागं बघितलं नाही.

त्यानंतर बरीच वर्षं आमचं जाणंयेणं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात एक पत्रिका आली, उदगीरहून, मामांच्या नातीच्या लग्नाची. वर माझं नाव, "श्रीमती" लावून. स्वयंपाकाला नव्हतं बोलावलं, लग्नाला बोलावलं होतं. त्या तिथीला मला दुसरं काम होतं, ते मी सुनेवर सोपवलं आणि एसटीनं गेले.

मंगल कार्यालयात दुसरेच आचारी होते, तरणे, एकसारख्या टोप्या घातलेले. मामी मला हाताला धरून पंगतीत बसवायला घेऊन गेल्या. मी आयुष्यभर पंगतीसाठी रांधलं, पंगतीत बसायची वेळ क्वचित. पान मांडलं, भात आला, वरण आलं. मग मामा दिसले. पाठीत वाकलेले, डोक्याला फेटा, हातात खिरीची बादली. घरचा थोरला म्हणून पाहुण्यांना स्वतः वाढत येत होते, एकेका पानासमोर थांबून. मागून नातू बादलीला हात लावायला बघत होता, त्याला ते लावू देत नव्हते.

माझ्यासमोर आले. ओळखलं. डोक्यात काय राहिलं होतं आणि काय नाही ते मला माहीत नाही, पण मला ओळखलं. पळीनं खीर वाढली.

"घ्या बाई. सावकाश जेवा."

मी घास घेतला. गहू दाताखाली कचकचला. खिरीचा गहू आधी पूर्ण शिजवायचा असतो, मग गूळ. गूळ आधी पडला की गहू तिथंच थांबतो, मग कितीही जाळ लावा. त्या पोरांनी घाई केली होती. हे मला मामांनीच शिकवलं होतं, आणि मामांनी ती बादली हातात घ्यायच्या आधी चव घेतली नसेल असं होणार नाही.

ते पुढं गेले नव्हते. उभे होते.

"कशी झालीय?"

आजूबाजूला त्यांचे व्याही बसलेले, नातजावयाकडचे लोक बसलेले. सगळे माझ्याकडं बघत होते. काट्यावाली बाई काय म्हणते ते त्यांनाही ऐकायचं होतं.

"छान झालीय मामा," मी म्हटलं. "एकदम बरोबर."

मामा खाली वाकले. माझ्या पानात आणखी एक पळी वाढली, आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"तुम्हाला खोटं बोलता येतं की, बाई."

आणि पुढच्या पानाकडं गेले.